क्लोन दर वेळी एक जीबीवरच तुटतो: एका रेपोचं प्रकरण

मोठा गिट रेपो (कोड आणि त्यातल्या बदलांचा सगळा इतिहास ठेवणारा साठा) वेबवरून उतरवून घेताना, म्हणजे क्लोन करताना, मध्येच तुटला की पहिला संशय नेटवर जातो. बऱ्याचदा तो खरा ठरतो. या प्रकरणात मात्र नेट ठीक होतं, गिट ठीक होतं, सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळीकडे २०० (म्हणजे 'ठीक आहे') दिसत होतं, आणि तरीही काही ठरावीक लोकांना रेपो पूर्ण मिळतच नव्हता. उलगडा झाला तो एका आकड्यामुळे. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. अशाच जागी अडकलेले लोक मी पाहतो तेव्हा ते सगळे आपापल्या मशीनवरच्या सेटिंगा बदलत बसलेले असतात, आणि कारण त्यांच्या मशीनवर नसतंच.

काय होतं, कुठे होतं

एका जुन्या प्रकल्पाचा मध्यवर्ती रेपो. इतिहास बराच मोठा, आणि त्यात कधीकाळी थेट कमिट केलेल्या (इतिहासात नोंदवलेल्या) चित्रांच्या व चाचणीच्या डेटाच्या जड फाइलीसुद्धा. सर्व्हरवर नीट पॅक करूनही आकार २.६ जीबीच्या आसपास. रेपो द्यायचं काम अपाची २.४ हा वेब सर्व्हर करायचा, त्याच्यामागे गिटबरोबरच येणारा 'गिट-एचटीटीपी-बॅकएंड' हा सीजीआय प्रोग्रॅम. काही महिन्यांपूर्वी सुरक्षेच्या कामासाठी अपाचीच्या पुढे एनजिनएक्स हा दुसरा सर्व्हर प्रॉक्सी, म्हणजे मधला मध्यस्थ, म्हणून बसवला गेला. टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) त्याच्याकडे गेलं आणि बाहेरून यायला ४४३ हे एकच पोर्ट उरलं. एसएसएच ही रेपो घ्यायची दुसरी वाट फक्त आतल्या नेटवर्कपुरती. थोडक्यात, घरून काम करणाऱ्याला एचटीटीपीएसशिवाय दुसरी वाट नव्हती.

टीममध्ये एक मुलगी नव्याने आली. तिचं पहिलंच काम असं होतं की त्यासाठी संपूर्ण इतिहास हाताशी हवा: एका मोड्यूलचं वागणं मागे कधीतरी बदललं होतं, ते कुठल्या कमिटने बदललं हे शोधायचं. म्हणजे ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटने आली ते पाहणं) आणि बायसेक्ट (इतिहास अर्धा अर्धा करत तो कमिट गाठणं). ती घरून काम करत होती, वेग सेकंदाला साधारण ३०० केबी. क्लोन लावला, तासभर चालला आणि गळपटला. स्क्रीनवर शेवटच्या ओळी अशा:

'फेच-पॅक: अनएक्स्पेक्टेड डिसकनेक्ट व्हाइल रीडिंग साइडबँड पॅकेट'
'फेटल: अर्ली ईओएफ'
'फेटल: फेच-पॅक: इनव्हॅलिड इंडेक्स-पॅक आउटपुट'

आणि फोल्डर रिकामं नव्हे, फोल्डरच गायब. क्लोन अर्धवट राहिला तर गिट स्वतः तयार केलेली डिरेक्टरी स्वतःच पुसून टाकतं. तासभर उतरवलेल्या डेटातला एक बाइटसुद्धा पुढच्या वेळी कामाला येत नाही. सावकाश लाइन असलेल्या माणसासाठी याच्याइतकी जिवावर येणारी गोष्ट दुसरी नाही, आणि वेगवान नेटवर्कवर बसून सर्व्हर उभारणाऱ्यांच्या ती लक्षातही येत नाही.

लोकांनी सुचवलेले उपाय

टीमच्या चॅटवर तिला जे सल्ले मिळाले ते कुठेही मिळतात तेच होते. त्यातले तीन इथे नोंदवतो, कारण तिन्हींचा या अडचणीशी संबंध नाही आणि का नाही हे कळलं की क्लोनची रचनाही कळते.

पहिला सल्ला: 'एचटीटीपी.पोस्टबफर' वाढव, ५०० एमबी कर. ही सेटिंग आपल्याकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या डेटासाठी आहे, म्हणजे पुशसाठी. मूळ मर्यादा १ एमबी. क्लोन करताना आपण सर्व्हरला पाठवतो ती मागणी असते काही केबींची. ती कधीच या मर्यादेला शिवत नाही. गिटच्या स्वतःच्या दस्तऐवजातही लिहिलं आहे की ही मर्यादा वाढवून पुशच्याही बहुतेक अडचणी सुटत नाहीत, मेमरी मात्र जास्त खर्च होते. तरीही हा सल्ला अमर आहे.

दुसरा: 'कोअर.कॉम्प्रेशन' शून्य कर. ही सेटिंग आपल्या मशीनवर गिट स्वतः जे ऑब्जेक्ट (फाइली, कमिट वगैरेंचे साठवलेले तुकडे) लिहितं त्यांच्यापुरती. सर्व्हर पॅक (ऑब्जेक्टांचा एकत्र गठ्ठा) कसा बांधतो यावर आपल्या मशीनवरच्या सेटिंगचा काही परिणाम होत नाही.

तिसरा: एचटीटीपीची आवृत्ती १.१ वर आण. काही प्रॉक्सींच्या बाबतीत याने खरोखर फरक पडतो, त्यामुळे करून पाहायला हरकत नव्हती. तिने केलं. क्लोन पुन्हा तुटला.

"तिथेच" म्हणजे कुठे

तिने चॅटवर लिहिलं, "परत तुटलं. तिथेच."

मी विचारलं, "तिथेच म्हणजे? किती वेळाने?"

"वेळ नाही बघितली. एक जीबी झालं की."

गिट क्लोन चालू असताना 'रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स' या ओळीत टक्केवारी, ऑब्जेक्टांची संख्या, आतापर्यंत उतरलेला डेटा आणि वेग असं सगळं दिसतं. तुटल्यावरही ती ओळ स्क्रीनवर राहते. तिच्याकडच्या जुन्या प्रयत्नांच्या ओळी वर सरकवून पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी १.०० जीबी, क्वचित १.०१. वेग कधी २८०, कधी ३२०, पण थांबा एकच.

हा दुवा फार मोलाचा होता. नेट खराब असेल तर क्लोन कुठेही तुटेल: आज २०० एमबीवर, उद्या दीड जीबीवर. कुणीतरी वेळेची मर्यादा लावली असेल तर तो ठरावीक मिनिटांनी तुटेल, आणि वेग बदलला की उतरलेला आकार बदलेल. इथे वेग आणि वेळ दोन्ही बदलत होते, आकार मात्र जागचा हलत नव्हता. म्हणजे वाटेत कुठेतरी आकाराची मर्यादा आहे. खात्रीसाठी घरूनच काम करणाऱ्या आणखी एका सहकाऱ्याला क्लोन लावायला सांगितलं. त्याची लाइन तिच्यापेक्षा दुप्पट वेगाची. त्याचा क्लोन अर्ध्या तासातच तुटला, आणि तोही एक जीबीवरच.

ऑफिसातल्या नेटवर्कवरून मात्र तोच रेपो, त्याच पत्त्यावरून, त्याच प्रॉक्सीमधून मिनिटा-दोन मिनिटांत पूर्ण यायचा. त्यामुळे सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर वाटावं असं होतं: "आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे. लॉगमध्येही २०० आहे. तुमच्या लोकांची नेट कनेक्शनं तपासा."

२०० च्या भरवशाबद्दल थोडं सांगायला हवं. एचटीटीपीमध्ये हा आकडा उत्तराच्या अगदी सुरुवातीला जातो. सर्व्हरने 'ठीक आहे, देतो' म्हटलं एवढाच त्याचा अर्थ. पुढचे अडीच जीबी खरोखर पोचले का, हे तो सांगत नाही, सांगूही शकत नाही, कारण तो निघून गेलेला असतो. मोठ्या डाउनलोडच्या बाबतीत लॉगमध्ये २०० पेक्षा शेजारचा रकाना महत्त्वाचा: किती बाइट पाठवले. मी त्यांना तेवढाच रकाना काढून द्यायची विनंती केली. घरून झालेल्या सगळ्या क्लोनांसमोरचे आकडे १,०७,३७,४१,८२४ च्या किंचित पुढे होते. १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४. इतका गोल आकडा निसर्गात सापडत नाही. तो कुणीतरी सेटिंगमध्ये लिहिलेला असतो, किंवा कुणी काहीच लिहिलं नाही म्हणून लागू झालेला असतो.

वेबवरचा क्लोन आतून कसा चालतो

कारणाकडे जाण्याआधी ही यंत्रणा नजरेसमोर हवी.

गिट २००५ साली लिनस टोरवाल्ड्‌सने लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं, तेव्हापासून एचटीटीपीवरून रेपो घ्यायची सोय होती, पण ती साध्या पद्धतीची. सर्व्हर म्हणजे नुसती फाइलींची मांडणी. गिट तिथून ब्रँचची (इतिहासाच्या फांद्यांची) यादी वाचायचं, मग एकेक ऑब्जेक्ट किंवा तयार पॅक फाइल मागवत जायचं. सर्व्हरला गिट कळायची गरज नसे. २००९ च्या डिसेंबरात आलेल्या १.६.६ आवृत्तीपासून 'स्मार्ट' पद्धत आली आणि आज वेबवरचे जवळपास सगळे क्लोन तिनेच होतात.

तिच्यात बोलणं थोडक्यात असं. गिट आधी 'इन्फो/रेफ्स' या पत्त्यावर एक मागणी करतं आणि त्यात 'अपलोड-पॅक' ही सेवा हवी असं सांगतं. उत्तरादाखल सर्व्हर आपली क्षमता कळवतो, आणि ब्रँच व टॅगांची नावं त्यांच्या ४० अंकी हॅशसकट (कमिटच्या ओळखखुणेसकट) मिळतात. २०२० च्या मार्चमधल्या २.२६ आवृत्तीपासून संवादाची दुसरी आवृत्ती मूळ धरली जाते. तिच्यात ही नावांची यादी वेगळी मागावी लागते, त्यामुळे हजारो ब्रँच असलेल्या रेपोत उगाच सगळी यादी ओढली जात नाही. मग गिट दुसरी मागणी पाठवतं: मला हे हे हॅश हवेत, माझ्याकडे आधीचं काही नाही. या मागणीचं उत्तर म्हणजेच क्लोन. सर्व्हर त्या क्षणी ऑब्जेक्ट मोजतो, त्यांच्यातले फरक काढतो, एक पॅक रचतो आणि रचता रचताच पाठवत राहतो. सगळा इतिहास एकाच उत्तरात, एका दमात.

पॅकची सुरुवात ओळखीच्या चार अक्षरांनी होते, मग आवृत्ती, मग एकूण ऑब्जेक्ट किती ते, मग ऑब्जेक्ट, आणि अगदी शेवटी सगळ्याचा २० बाइटांचा चेकसम (पडताळणीचा आकडा). तो शेवट हातात आल्याशिवाय पॅक पूर्ण आहे असं गिट मानत नाही. म्हणून 'अर्ली ईओएफ'.

आणि तुटलेल्या जागेपासून पुढे का चालू करता येत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. ही फाइल सर्व्हरच्या डिस्कवर जशीच्या तशी पडलेली नसते. मागणीनुसार ती बनते. अनेक थ्रेड एकाच वेळी फरक काढत असल्यामुळे तोच रेपो दोनदा मागितला तर बाइटांचा क्रम दोन्ही वेळा सारखाच असेल याची हमी नाही. मग 'एक जीबीच्या पुढचं दे' या मागणीला अर्थच उरत नाही. लोक याला गिटची उणीव म्हणतात. मला तो सर्व्हरवरचं आणि नेटवर्कवरचं ओझं हलकं करण्याच्या बदल्यात स्वीकारलेला तोटा वाटतो. पण तोटा आहे, आणि तो सावकाश लाइनवाल्यांच्याच वाट्याला येतो.

मधली टाकी

आता एनजिनएक्सकडे. प्रॉक्सी म्हणून काम करताना तो मागच्या सर्व्हरचं उत्तर थेट पुढे ढकलत नाही. मागचा सर्व्हर जितक्या वेगाने देईल तितक्या वेगाने घेऊन साठवतो आणि ग्राहकाला त्याच्या वेगाने देतो. आधी मेमरीत साठवतो. तिथे मावलं नाही की डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत. हेतू चांगला आहे: मागचा सर्व्हर लवकर मोकळा व्हावा, सावकाश ग्राहकासाठी ताटकळत राहू नये. या तात्पुरत्या फाइलीचा कमाल आकार 'प्रॉक्सी_मॅक्स_टेम्प_फाइल_साइझ' ही सेटिंग ठरवते. काहीच लिहिलं नाही तर १०२४ एमबी.

ही फाइल म्हणजे गच्चीवरची टाकी समजा. वरून पाणी जोरात येतं, खालचा नळ बारीक. टाकी काठोकाठ भरली की एनजिनएक्स वरचं पाणी घेणं थांबवतो. आणि थांबवतो म्हणजे पूर्ण थांबवतो: साठवलेलं सगळं ग्राहकाला पोचेपर्यंत मागून पुढचं घेत नाही.

सेकंदाला ३०० केबीच्या लाइनवर एक जीबी उतरायला साधारण ५८ मिनिटं लागतात. ऑफिसच्या नेटवर्कमधल्या दोन सर्व्हरांमध्ये मात्र तो डेटा पहिल्या मिनिटाच्या आसपासच टाकीत येऊन पडतो. म्हणजे उरलेली पंचावन्न-सत्तावन्न मिनिटं अपाची हातात पुढचा डेटा घेऊन उभा, आणि समोरचा घेतच नाही. अपाची २.४ ची 'टाइमआउट' सेटिंग मुळात ६० सेकंदांची असते, आणि ती फक्त वाचताना नव्हे, लिहिताना अडकून पडल्यावरही लागू होते. साठ सेकंद एक बाइटही पुढे सरकला नाही की अपाची समजतो समोरचा गेला, आणि कनेक्शन बंद करून टाकतो.

एनजिनएक्सला हे लगेच कळत नाही. तो त्या बाजूला पाहतच नसतो. तो टाकी रिकामी करण्यात गुंतलेला असतो. ग्राहकालाही काही कळत नाही, कारण त्याच्याकडे डेटा नीट येत असतो. तासाभराने टाकी संपते, एनजिनएक्स मागे वळतो, सॉकेटमध्ये उरलेले थोडे एमबी मिळतात आणि मग काहीच नाही. एक जीबीच्या किंचित पुढे क्लोन तुटायचं कारण हे. म्हणजे आजार पहिल्या दोन मिनिटांतच झालेला असतो, लक्षण दिसतं तासाने. त्या तासाने दिसणाऱ्या क्षणी लॉगमध्ये शोधत राहिलो तर मागच्या सर्व्हरवर काहीच सापडत नाही. अपाचीच्या नोंदी पाहायच्या त्या क्लोन सुरू झाल्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांतल्या.

ऑफिसातल्या माणसाचा नळ मोठा. टाकीत येतं तितकंच बाहेर जातं, ती कधी भरतच नाही. म्हणून तिथे सगळं व्यवस्थित.

हा तर्क पटण्यासारखा असला तरी तपासल्याशिवाय सर्व्हरच्या सेटिंगला हात लावायला सांगणं योग्य नव्हतं. दोन गोष्टी केल्या. ऑफिसातल्याच एका मशीनचा नेटवर्क वेग मुद्दाम सेकंदाला ३०० केबीपर्यंत खाली आणला आणि क्लोन लावला. घरचं नेट, राउटर, सेवा देणारी कंपनी यांपैकी काहीच मध्ये नाही. तोही एक जीबीवर तुटला. तो चालू असतानाच दुसरीकडे प्रॉक्सीच्या डिस्कवर नजर ठेवली. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत मोकळी जागा एक जीबीने घटली आणि तिथेच थांबली. गंमत अशी की तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत पाहिलं तर तिथे फाइल नव्हती. एनजिनएक्स अशी फाइल उघडल्याबरोबर तिचं नाव डिरेक्टरीतून काढून टाकतो, म्हणजे प्रक्रिया मेली तर कचरा मागे राहत नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएसओएफ' कमांडने ती 'डिलीटेड' अशा शेऱ्यासकट दाखवली, आकार एक जीबी. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्येही, इशाऱ्यांची पातळी खाली आणल्यावर, उत्तर तात्पुरत्या फाइलीत साठवलं जात असल्याची ओळ होती.

हे दाखवल्यावर कुणालाच शंका राहिली नाही.

एक प्रश्न उरतो: प्रॉक्सी बसवून महिने झाले होते, मग हे आधी कसं उघड झालं नाही? कारण पूर्ण क्लोन ही रोजची गोष्ट नाही. जुन्या सगळ्यांकडे रेपो होताच. ते रोज फेच करत, म्हणजे फक्त नवे बदल आणत, आणि फेचमध्ये येतात काही केबी, फार तर काही एमबी. पुशची अडचण मात्र पहिल्याच दिवशी दिसली होती, कारण एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी मागणी ४१३ ('मागणी फार मोठी') म्हणून परतवतो. ती मर्यादा तेव्हाच वाढवली गेली. रोज वापरली जाणारी वाट तपासली गेली, क्वचितची वाट कुणी चालून पाहिली नाही. नव्या माणसालाच पूर्ण क्लोन लागतो, आणि नवा माणूस आपलंच काहीतरी चुकत असेल असं धरून चालतो.

तोपर्यंत तिचं काम कसं चालू ठेवलं

सर्व्हरवरचा बदल मंजुरीशिवाय होणार नव्हता, आणि तिला थांबवून ठेवणं बरोबर नव्हतं.

मर्यादा प्रत्येक उत्तराला वेगळी लागते, एकूण डेटाला नाही. मग उत्तरच लहान करायचं. आधी '--डेप्थ=१' देऊन उथळ क्लोन, म्हणजे मागचा इतिहास सोडून फक्त शेवटचा कमिट. याला एक जोड महत्त्वाची: डेप्थ दिली की गिट आपण होऊन एकच ब्रँच घेतं आणि पुढच्या फेचमध्येही तेवढीच आणतं. बाकीच्या ब्रँच हव्या असतील तर सोबत '--नो-सिंगल-ब्रँच' द्यायचं. हे न कळल्यामुळे पुढे 'माझ्याकडे ती ब्रँच दिसतच नाही' म्हणून गोंधळलेले लोक बरेच भेटतात.

मग 'गिट फेच --डीपन=' पुढे एक संख्या, असं करत इतिहास मागे मागे खोल करत जायचा. प्रत्येक फेच पूर्ण झाला की तेवढं कायमचं आपलं. मध्ये तुटलं तर फक्त तो टप्पा पुन्हा. '--अनशॅलो' एकदम दिलं असतं तर उरलेला सगळा इतिहास एकाच उत्तरात आला असता आणि पुन्हा टाकी भरली असती; म्हणून ते अगदी शेवटी, थोडाच भाग उरल्यावर. जड फाइली ज्या काळात कमिट झाल्या होत्या तिथे टप्पे लहान ठेवावे लागले, बाकी ठिकाणी मोठे चालले. शेवटी 'गिट रेव्ह-पार्स --इज-शॅलो-रिपॉझिटरी' याचं उत्तर 'फॉल्स' आलं, 'गिट एफएससीके' (रेपो धड आहे का ते तपासणारी कमांड) बिनतक्रार चाललं, आणि तिने बायसेक्ट सुरू केलं.

'--फिल्टर=ब्लॉब:नन' हा आंशिक क्लोनचा मार्गही कुणीतरी सुचवला होता. त्यात कमिट आणि फोल्डरांची रचना पूर्ण येते, फाइलींचा मजकूर लागेल तेव्हा मागवला जातो. रोजच्या कामाला तो उत्तम आहे, आणि मला तो उथळ क्लोनपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण इतिहास तुटत नाही. पण त्यासाठी सर्व्हरवर 'अपलोडपॅक.अलाउफिल्टर' चालू असावं लागतं, ते नव्हतं. आणि तिचं काम ब्लेमचं होतं: एका फाइलीच्या जुन्या जुन्या आवृत्त्या पावलोपावली नव्याने मागवत बसणं सावकाश लाइनवर जीव खाणारं झालं असतं.

सर्व्हरवर काय बदललं

पर्याय तीन होते. तात्पुरत्या फाइलीची मर्यादा ४ जीबी करणं सगळ्यात सोपं, पण दहा जणांनी एकदम क्लोन लावला तर प्रॉक्सीची डिस्क भरेल, आणि तिच्यावरच्या बाकी सेवाही बसतील. अपाचीचा टाइमआउट दोन तासांचा करणं म्हणजे खरोखर मेलेली कनेक्शनंही दोन तास धरून ठेवणं. तिसरा पर्याय निवडला: फक्त गिटच्या पत्त्यांपुरती 'प्रॉक्सी_मॅक्स_टेम्प_फाइल_साइझ' शून्य. याने डिस्कवरची टाकी बंद होते, मेमरीतले छोटे बफर तेवढे राहतात. ग्राहक जितकं घेईल तितकंच मागून घेतलं जातं. अपाचीचं घड्याळ प्रत्येक लिहिण्यासाठी नव्याने सुरू होतं, एकूण वेळ ते मोजत नाही; त्यामुळे थोडं थोडं का होईना, डेटा सरकत राहिला तर साठ सेकंदांची मर्यादा कधी गाठलीच जात नाही.

याची किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सावकाश ग्राहकाचा क्लोन अडीच तास चालला तर मागच्या सर्व्हरवर पॅक रचणारी प्रक्रिया अडीच तास मेमरी धरून बसते. दोन-चार जणांना चालतं. एकाच वेळी पन्नास नवे लोक आले तर नाही चालणार.

म्हणून दुसरी वाटही उघडली, आणि माझ्या मते खरा उपाय हाच: बंडल. 'गिट बंडल क्रिएट' नंतर फाइलीचं नाव आणि '--ऑल' एवढं दिलं की सगळा रेपो एका फाइलीत येतो. ती फाइल एनजिनएक्सच्या डिस्कवर ठेवली. आता ती साधी, न बदलणारी फाइल आहे, मागे अपाची नाही, गिट नाही. ती कर्ल या डाउनलोडच्या साधनाच्या '-सी -' (मोठा सी) किंवा डब्ल्यूगेटच्या '-सी' (लहान सी) पर्यायाने उतरवायची. तुटली तर त्याच बाइटपासून पुढे. दिवसा दोन तास, रात्री उरलेली, कशीही. पूर्ण झाली की त्या फाइलीवरूनच गिट क्लोन करायचा, 'गिट रिमोट सेट-यूआरएल' ने मूळ पत्ता लावायचा आणि एक फेच. बंडल केल्यानंतरचे कमिट तेवढे येतात.

यात नवं काहीच नाही. लिनक्स कर्नलचा रेपो क्लोन करणाऱ्यांसाठी कर्नल डॉट ऑर्गवर अशाच बंडलची सोय आहे, अँड्रॉइडचं 'रेपो' हे साधनही क्लोनच्या आधी बंडल मिळतं का ते पाहतं. २०२२ च्या ऑक्टोबरमधल्या गिट २.३८ पासून तर '--बंडल-यूआरआय' देऊन गिटलाच आधी बंडल आणि मग उरलेलं घ्यायला सांगता येतं. आम्ही मात्र हाताने उतरवायचीच पद्धत ठेवली, कारण तुटल्यावर पुढे चालू करणं हाच तर सगळा मुद्दा होता.

इतिहासातल्या जड फाइली काढून रेपोच हलका करावा, असंही कुणी म्हणालं. ते कधीतरी करावं लागेल. पण त्याने त्यापुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो, सगळ्यांना नव्याने क्लोन करावा लागतो, तिकिटांमधले जुने संदर्भ तुटतात. तो निर्णय वेगळा, त्याची तयारी वेगळी.

बदल लागू झाल्यावर घरून पुन्हा साधा, पूर्ण क्लोन लावून पाहिला. १.०१ जीबी ओलांडून ओळ पुढे सरकली, २.६ जीबीला 'रिझॉल्व्हिंग डेल्टाज' (सगळं उतरल्यानंतरचा टप्पा) सुरू झालं. प्रॉक्सीच्या लॉगमधला बाइटांचा रकाना आता रोज तपासला जातो; पूर्ण क्लोनच्या मागणीसमोर रेपोच्या आकारापेक्षा बराच कमी आकडा दिसला की सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सूचना जाते. बंडल दर आठवड्याला नव्याने बनतं, आणि शेजारी त्याचा चेकसम ठेवलेला असतो. नव्या माणसाला पाठवल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी बंडलचीच कृती आधी लिहिली आहे, साधा क्लोन नंतर.